सास्तुरी वेलीचं सातवं पान

१

शामलाबाई उपाध्ये यांना शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत तुळजापुरातल्या त्यांच्या गल्लीत हरवलेली एकही वस्तू त्यांना विचारल्याशिवाय सापडली नव्हती. कुणाची जोडवी, कुणाचं रेशनकार्ड, एकदा तर एका जावयाची मोटारसायकल. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवत. बेडकाचं पोट फाडून दाखवणाऱ्या बाईंना माणसाच्या पोटातलं काढायला कितीसा वेळ लागणार, असं गल्लीत म्हणत. बाईंच्या कानावर ते येत असे आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही असे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. शनिवारी सकाळी बाई मेथी निवडत बसल्या होत्या, तेवढ्यात मुरुमहून अश्लेषाचा फोन आला. अश्लेषा म्हणजे बाईंच्या कॉलेजातल्या सरांची, प्राध्यापक गुरुप्रसाद सरांची, मुलगी.

"शामलाताई, बाबांचं चारशेबारा गेलं."

"गेलं म्हणजे?"

"कपाटात नाही. पुण्याची मुलगी परवा आली, तिनं फोल्डर उघडलं तर आत कागदच नाही. बाबा काही बोलत नाहीत. तुम्ही या हो."

बाईंनी मेथी तशीच ठेवली आणि नळदुर्गमार्गे जाणारी एसटी धरली.

चारशेबारा हा काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. सरांनी चाळीस वर्षं धाराशिव जिल्ह्याचं शिवार पायाखाली घातलं आणि झाडंझुडपं, गवतं, वेली वाळवून जाड कागदांवर लावून ठेवल्या. अशा प्रत्येक कागदाला ते लोक शीट म्हणतात. सरांच्या घरच्या लोखंडी कपाटात अशी अकराशे शीटं होती. त्यातलं चारशेबारावं शीट सगळ्या जगात एकच होतं. शहाऐंशी साली सास्तूरच्या एका शेतात काकडीच्या जातीचा एक रानवेल सापडला, सरांनी तो नवा म्हणून जाहीर केला आणि त्याला गावाचं नाव दिलं. लॅटिन नाव मोठं जबडाफोड होतं, म्हणून सगळे त्याला नुसतं सास्तुरी म्हणत. पुढं तो वेल कुणालाच पुन्हा सापडला नाही. त्यामुळे सरांचं म्हणणं खरं की खोटं, हे सांगायला तेवढा एक कागदच उरला होता.

आणि त्या कागदावर किटाळ आलं होतं. निवेदिता नावाची पुण्याची एक संशोधक काकडीच्या कुळाची वंशावळ मांडत होती. काकडी, भोपळा, दोडका, कारलं, कलिंगड ही सगळी एकाच घरची मंडळी. पूर्वी फूल, पान, बी बघून कोण कुणाचं सख्खं आणि कोण चुलत ते ठरवत. आता पानाचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यातला डीएनए वाचतात. बाईंचे वडील तुळजापुरात यजमानांच्या वंशावळींची बाडं राखत, त्यामुळे बाईंना ही भानगड चटकन समजली होती. नाक सारखं दिसलं म्हणून भाऊ होत नाही, बाडात नाव लागतं.

जूनमध्ये निवेदितानं चारशेबाराचा तुकडा नेला होता. दिवाळी सरल्यावर निकाल आला. सास्तुरी म्हणजे ज्वारीच्या रानात पायदळी येणारं साधं शेंदाड, दुसरं काही नाही. महिनाअखेर तिचा लेख जाणार होता आणि त्यात सास्तुरीचं नाव कायमचं खोडलं जाणार होतं. सरांनी शेंदाडाला बाशिंग बांधून नवरदेव म्हणून मिरवलं, असं जगभर छापून आलं असतं. मुलगी न्यायी होती. नाव खोडण्याआधी पुन्हा एकदा तुकडा तपासावा म्हणून गुरुवारी मुद्दाम आली, आणि फोल्डर रिकामं निघालं. आता तर संशयाला पायच फुटले. तपासणीच्या तोंडावर कागद गायब होतो तो कशामुळे, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

बाई पोचल्या तेव्हा सर पडवीत खुर्चीवर बसले होते. वय शहाऐंशी. डोळ्यांनी आता उजेड-अंधार तेवढा कळे. पण चपलेच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"शामला, आलीस होय? जेवून जा." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि शोधू नकोस."

२

ज्याचं नाव जायचंय तोच शोधू नको म्हणतो, हे बाईंच्या गळी उतरेना. त्या आतल्या खोलीत गेल्या.

खोलीत पाय टाकला आणि बाईंना एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल आठवलं. हीच खोली, हेच कपाट. कॉलेजची पोरंपोरी भुईवर बसून वर्तमानपत्रांत पानं दाबायची आणि सर प्रत्येकाच्या मागं उभं राहून ओरडायचे. माझ्या कपाटात खळ येता कामा नये. खळ आली की कसर आली आणि कसर आली की मी संपलो. पिठाच्या खळीनं चिकटवलेले कागद किडे फस्त करतात, हे खरंच होतं. पुढं सरांच्या घरी वेली चिकटवत नसत, कागदावर दोऱ्यानं टाचत. ते आठवून बाईंना भरून आलं. इतकी माणसं होती या खोलीत, आता एक म्हातारा आणि एक कपाट राहिलं.

कपाटाला कुलूप नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पालथं पडलं होतं, तेव्हापासून दार वाकडं होतं आणि सुतळीनं बांधलेलं असे. म्हणजे किल्लीचा प्रश्न मिटला. कुणीही उघडावं.

बाईंनी चारशेबाराचं फोल्डर उघडलं. कागद नव्हताच. पण आत मूठभर कडुनिंबाचा पाला होता. सावलीत वाळवलेला, अजून हिरवट, वास असलेला. शेजारच्या फोल्डरांमध्ये मात्र पांढऱ्या डांबरगोळ्या.

"अश्लेषा, पाला तू ठेवतेस का गं?"

"पाला? नाही हो. दारातला लिंब रस्ता रुंद केला तेव्हा गेला, दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी गोळ्याच ठेवते."

"घरात कोण कोण येऊन गेलं?"

अश्लेषानं बोटं मोजली. बुधवारी शिवानंद सर आले होते, उमरग्याचे प्राध्यापक, तेही बाबांचेच विद्यार्थी. त्याच्या आधीच्या गुरुवारी सास्तूरचे महारुद्रकाका. ते तर दर गुरुवारीच येतात, बाबांबरोबर रानं हिंडलेला माणूस. त्या दिवशी ती निकालाचा मेल बाबांना वाचून दाखवत होती, तेव्हा काका इथंच बसले होते. या गुरुवारी मात्र आले नाहीत.

"आणि तू?" बाईंनी विचारलं.

अश्लेषाचा चेहरा उतरला. "मी घरातच असते. ताई, खरं सांगते, निकाल आला त्या दिवशी रागानं म्हणाले होते मी, हे कपाट एकदाचं रद्दीत घालते म्हणून. बाबांना या वयात कुणी खोटं म्हणावं हे मला बघवत नाही. पण मी हात लावलेला नाही." आणि ती रडायला लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. पण विचार थांबला नव्हता. चोर माल उचलतो आणि पळतो. रिकाम्या जागी पाला घालून ठेवणारा चोर त्यांनी अजून पाहिला नव्हता.

३

शिवानंद सरांना गाठायला उमरग्याला जावं लागलं नाही. ते मुरुमात सासुरवाडीला आले होते. तब्येतीनं भारी, हसणं त्याहून भारी. वीस वर्षं ते प्रत्येक परिषदेत एकच गोष्ट सांगत आले होते, की सास्तुरी म्हणजे शेंदाड आणि गुरुजींनी घाई केली.

"शामलाताई, तुम्ही मला चोर धरायला आलात होय?" त्यांनी खुर्ची पुढं सारली. "बसा. चहा घ्या. चोरानं दिलेला चालत असेल तर."

"चहा चालतो. तू बुधवारी सरांकडं कशाला गेला होतास?"

"भेटायला. कानावर आलं निकालाचं. वाटलं, म्हाताऱ्याला आपण कधी सरळ बोललो नाही, एकदा पाया पडून यावं."

"जिंकल्यावर पाया पडायला सोपं जातं."

शिवानंद सर एरवी चिडले असते. पण ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "जिंकल्यासारखं वाटलं नाही, ताई. मला बॉटनीची गोडी त्याच माणसानं लावली. आणि कागद मी कशाला नेऊ? पुन्हा तपासलं असतं तर पुन्हा माझंच खरं ठरलं असतं. कागद हरवला तर लोक म्हणणार, काहीतरी होतं बुवा त्यात. माझा तोटाच झाला यात."

हे पटण्यासारखं होतं. बाईंनी चहा संपवला.

"अजून एक," शिवानंद सर म्हणाले, "हे मी कुणाला बोललो नाही. बुधवारी मी गेलो तेव्हा अश्लेषा दुकानात गेली होती. मी सरळ आत गेलो. सर कपाटापुढं उभे होते. एक हात फोल्डरमध्ये. आणि दुसऱ्या हाताची बोटं नाकाशी धरून हुंगत होते. मला बघून, म्हणजे माझी चाहूल लागून, त्यांनी पटकन दार लावलं. मला म्हणाले, काही नाही रे, धूळ."

बाई उठता उठता थांबल्या. म्हणजे निवेदितानं फोल्डर उघडायच्या आदल्या दिवशीच कागद तिथं नाही हे सरांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी पोटच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं.

४

निवेदिता मुरुमच्या लॉजवर उतरली होती. अठ्ठावीस वर्षांची, बोलायला मऊ, पण कामात कुणाला सोडणारी नव्हे. तिनं बाईंना पहिल्याच वाक्यात सांगितलं की सरांची पुस्तकं वाचून ती या विषयात आली, आणि म्हणूनच तिला हे नाव खोडताना त्रास होतोय.

"जूनमध्ये तू शीटचा फोटो काढला असशील ना?"

फोटो होता. टॅबवर तिनं तो मोठा केला. हातभर वेल, एक फूल, उभं कापून वाळवलेलं बोटाएवढं फळ आणि सात पानं. कोपऱ्यात सरांचं ठसठशीत अक्षर. बाईंनी चष्मा पुसला.

वेलीचा देठ ठिकठिकाणी पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेला होता. बारीक, तिरके, एकासारखे एक टाके. ते टाके बाईंनी ओळखले. महारुद्रची बायको मथुराबाई हिच्या हातचे ते. सरांना टाके घालायची युक्तीही तिनंच दिली होती. दिवाळीच्या सुट्टीत बाई आणि बाकीची मंडळी सास्तूरला सरांबरोबर जायची, तेव्हा मथुराबाई वाकळ शिवता शिवता म्हणाली होती, चिकटवता कशाला, टाका घाला की. मग ती दारात बसून वेली टाचायची, चुलीवर भाकरी करपायची आणि महारुद्र ओरडायचा. किती हसायचे सगळे. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात तिच्यावर घर पडलं.

बाईंनी डोळे टिपले आणि पुन्हा फोटोकडं बघितलं.

"ही पानं मोज. टाका आहे ती."

"एक, दोन..." निवेदिता मोजत गेली. "सहा. खालच्या पानाला टाका नाही."

"मग ते राहिलंय कशानं?"

निवेदितानं फोटो आणखी मोठा केला. सातव्या पानाभोवती कागद पिवळट पडला होता आणि कडेनं खवल्याखवल्यांनी कुरतडलेला होता. बाकी कागद स्वच्छ.

"खळ," बाई म्हणाल्या. "कसरीनं खाल्लीय. ज्या घरात खळ म्हटली की शिवी खाल्ल्यासारखं व्हायचं, त्या घरातल्या शीटवर खळ. तू तुकडा कुठल्या पानाचा घेतलास?"

निवेदितानं त्या सातव्या पानावर बोट ठेवलं. "याचाच. कड सुटलेली होती. नमुन्याला धक्का न लावता निघत होता, म्हणून."

"तर मग तुझी मशीन खरं बोलली. ते पान शेंदाडाचंच आहे. पण ते या वेलीचं नाही."

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम..."

"मुद्दाम म्हणावं का, ते कळायचंय," बाई म्हणाल्या. "गाडी आहे ना तुझ्याकडं? सास्तूरला चल."

५

वाटेत निवेदितानं विचारलं की सास्तूरलाच का. बाईंनी एकेक धागा सोडवून दाखवला.

"फोल्डरमध्ये पाला होता. तो घरचा नव्हे, घरचा लिंब गेला. पाला सावलीत वाळवलेला होता, ओला घातला असता तर बुरशी आली असती. हे माहीत असलेला माणूस सरांच्या हाताखाली वाढलेला असणार. शिवानंद आता पाला गोळा करत बसणार नाही. आणि रिकाम्या फोल्डरमध्ये पाला कोण घालतं? ज्याला कागद परत आणून ठेवायचाय तो. त्यानं जागा धरून ठेवलीय. बुधवारी सरांच्या बोटांना तो वास लागला आणि कोण येऊन गेलं ते त्यांना डोळ्यांशिवाय कळलं. सर ज्याच्यासाठी गप्प बसतील असा एकच माणूस आहे. तो दर गुरुवारी येतो, आणि या गुरुवारी आला नाही."

नव्या सास्तुरात सरळ रेषेत घरं आहेत. महारुद्रच्या घरी त्याची सून वैष्णवी भेटली. बाईंनी ओळख सांगताच ती म्हणाली, "बरं झालं आलात. मामा लई दिस झालं रोज जुन्या गावाकडं जात्यात. सकाळी भाकर बांधून जात्यात ते सांजलाच येत्यात. इचारलं तर म्हणत्यात, वेल हुडकतुय. आता ह्या दिसांत कुठला वेल असतुय?"

जुनं गाव म्हणजे आता बाभळी, दगडांच्या राशी आणि मधूनच एखादा उभा राहिलेला उंबरठा. त्याच्या पलीकडच्या बांधावर सत्तरी ओलांडलेला महारुद्र बसला होता. मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी सपाट. बाईंना बघून तो उठला नाही.

"म्या वळखलं हुतं तुमीच येचाल म्हून."

"महारुद्र, सातवं पान तुम्ही लावलंत?"

"व्हय बाई. म्याच." त्यानं फडकं सोडलं. कागद जसाच्या तसा होता. "भूकंप झाल्यावर दीड म्हैन्यानं गेलतो मुरुमला. हितं बसवंना. तितं गेलो तर कपाट पालथं, समदी पानं भुईला. ह्या वेलाचं खालचं पान भुगा झाल्यालं. सर कुणासंगं बोलत नव्हते तवा. मला बघून येवढंच बोलले, महारुद्र, मथुराबाईचं चारशेबारा धड हाय का? म्या म्हनलं, धड हाय. तोंडातनं निघून गेलं बाई. मग ते धड करावं लागलं."

"शेंदाडाचं पान आणलंत."

"दिसाया सारकंच की ओ. वाळवलं, दाबलं."

"पण मग खळ का? सरांना खळ चालत नाही हे तुम्हाला पाठ होतं. टाका का नाही घातलात?"

महारुद्रनं फडक्याची कड कागदाखाली नीट सारली. "सुई घिऊन बसलो हुतो. दोन दिस बसलो. तिच्या टाक्याशेजारी टाका घालाया हात चालंना. मग ज्वारीच्या पिठाची खळ केली."

निवेदितानं मान दुसरीकडं फिरवली. बाई त्याच्याशेजारी बांधावर बसल्या.

"अश्लेषाताईनं ते पत्र वाचलं," महारुद्र पुढं म्हणाला, "पान शेंदाडाचं हाय म्हून. ते पान तर माजंच. माज्यापायी सर लबाड ठरणार. दुपारी समदे निजल्यावर कागद काढला, पिशवीत कपाटासाठी आणल्याला वाळका पाला हुता त्यो जाग्यावर ठिवला. म्हनलं, रानात खरा वेल गावला तर त्याचं पान लावावं आन् गुमान ठिवून द्यावं. न्हाय गावला. एक बी न्हाय गावला. हे रान तिचं हुतं बाई. तिनंच पयल्यांदा वेल दावला सरांला. म्हनली, हे शेंदाड न्हाय, शेंदाडाला शेळी सोडती का? ह्याला तोंड बी लावत न्हाय. म्या हसलो हुतो तिला."

"महारुद्रकाका," निवेदिता हळू म्हणाली, "तुम्ही आता दुसरं पान लावलं असतं ना, तर सगळंच संपलं असतं."

"म्या अडाणी माणूस, बाई. मला तेवढंच सुचलं. आता सरांला काय तोंड दावू?"

"जे आहे तेच," शामलाबाई म्हणाल्या. "चला. बसा गाडीत."

६

सर पडवीतच होते. तिघांची पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली. "आणलास का कागद, महारुद्र?"

महारुद्र पायरीवरच बसला. त्यानं सगळं सांगितलं, अडखळत, मध्येच थांबत, पण काही राखून ठेवलं नाही. पान, खळ, ते खोटं बोलणं. अश्लेषा दारात उभी राहून ऐकत होती. सांगून झालं तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या शीटात म्या भेसळ केली, सर. बत्तीस वर्सं तुमच्या हितं भाकर खाल्ली आन् तुमाला फशिवलं."

"नाही फसवलंस," सर म्हणाले. "त्र्याण्णव साली मला चांगलं दिसत होतं, महारुद्र."



"पहिल्याच दिवशी दिसलं. खळ काय, मला लांबून दिसते. मी ते पान काढायला चिमटा हातात घेतला होता. मग तू अंगणात दिसलास. तू तुझ्या हातांनी काय काय उकरून काढलं होतंस, ते मला ठाऊक होतं. त्या हातांनी लावलेलं पान मी उपटू? मी चिमटा ठेवून दिला."

"मग जूनमध्ये मला का नाही सांगितलंत सर?" निवेदिता कळवळून म्हणाली. "एका शब्दानं मी दुसरं पान घेतलं असतं."

"तू तुकडा कुठून घेतलास ते मला कुठं दिसत होतं? निकाल आल्यावर कळलं. तेव्हा तुला सांगितलं असतं तर तू छापलं असतंस, आणि छापायलाच हवं होतं. नमुन्यात अमक्यानं परकं पान घातलं. त्याच्या नातवंडांनी ते वाचायचं?"

"आन् तुमी लबाड ठरला असता त्याचं काय?" महारुद्र जवळजवळ ओरडलाच. "मुलकात छी थू झाली असती!"

"मी शहाऐंशीचा आहे रे. लबाड राहून राहून किती दिवस राहणार?"

म्हातारा असा हसला की शामलाबाईंना एकदम कॉलेजातले सर दिसले, बांधावर उभे, डोक्याला रुमाल गुंडाळलेले. त्यांना वाटलं, आपण आयुष्यभर या माणसाकडून पानाफुलांची नावं शिकलो आणि खरं शिकायचं ते राहूनच गेलं होतं.

पण कागदाचं काय करायचं ते ठरवायला हवं होतं. त्या लोकांत एक शिस्त असते. शीटवर चूक सापडली तर खरवडायची नाही, जुनं लिहिलेलं खोडायचंही नाही. शेजारी एक चिठ्ठी लावायची, त्यावर खरं काय ते लिहायचं आणि खाली सही करायची. बाईंनी ती आठवण करून दिली. सर नको म्हणत राहिले. महारुद्रच पुढं झाला.

"लिवा बाई. माजं नाव घालून लिवा. म्या सही करतो. नातवंडांनी वाचलं तर वाचू द्या, आज्यानं शेवटी खरं सांगितलं येवढं तरी कळंल."

बाईंनी लिहिलं. 'डावीकडचं सर्वांत खालचं पान या वेलीचं नाही. मूळ पान भूकंपात नष्ट झालं. हे पान नंतर महारुद्र यांनी लावलं. बाकी सर्व भाग मूळचा असून तो मथुराबाई यांनी टाचलेला आहे.' महारुद्रनं सही केली. मग सरांनी चाचपडत त्याच चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ घालायला लावली, 'हे मला तेव्हापासून ठाऊक होतं', आणि आपली सही ओढली. ती वाकडी गेली, पण केली. मग चिठ्ठी शीटला टाचायची होती. अश्लेषानं सुईदोरा आणला.

निवेदितानं मथुराबाईच्या टाक्याखालून देठाचा एक कण उचलला. चौघांसमोर छोट्या कुपीत घातला, वर आकडा लिहिला. एवढ्या जुन्या वाळक्या देठातून काही निघेल की नाही, निघालं तर काय निघेल, याची तिनं हमी दिली नाही. लेख मात्र थांबवला.

दोन महिने गेले. ज्वारी निसवली. जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी निवेदिता स्वतःच गाडी घेऊन मुरुमला आली. शामलाबाईंना तिनं वाटेत तुळजापुराहून उचललं होतं, पण वाटेत एक अक्षर सांगितलं नव्हतं. पडवीत सर होते, शेजारी महारुद्र होता. आणि तिसऱ्या खुर्चीवर शिवानंद सर बसले होते. त्यांना अश्लेषानं बोलावलं होतं.

निवेदितानं टॅब काढला. काकडीच्या कुळाची वंशावळ, फांद्याच फांद्या. तिनं सरांसाठी मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. देठाचा डीएनए निघाला. दोनदा तपासला. सास्तुरी शेंदाड नाही. वाळूक नाही, काकडीही नाही. ती त्यांची चुलत लागते आणि तिची फांदी निराळी आहे. नाव राहील.

शिवानंद सर उठले, सरांच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, "वीस वर्षं चुकलो, सर."

"एकच पान बघितलं असशील," सर म्हणाले. "होतं असं. बस."

महारुद्र मात्र अजून टॅबकडं टक लावून होता. त्याला त्या रेघा कळत नव्हत्या. शामलाबाई त्याच्याजवळ बसल्या. "ही सगळी शेंदाडं," त्या म्हणाल्या, "ही इकडं वाळकं. आणि ही बघा, वेगळी निघालीय ती."

"ही?" त्यानं बोट लावलं.

"हीच."

"म्हंजी शेंदाड न्हाय."

"नाही."

"खरं बोलत हुती की मग ती."

"खरं बोलत होत्या."

त्यानं बोट काढलं नाही. तसाच बसून राहिला. थोड्या वेळानं त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग आवाजही आला. शिवानंद सर गडबडून पाणी आणायला आत गेले. सरांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"शामला, महारुद्र रडतोय का?"

"हो सर."

"रडू दे त्याला," सर म्हणाले. "बत्तीस वर्षं उशीर झालाय."